आज मावशींना काय झालंय

मेडिकल-सर्जिकल नर्सिंगच्या प्रॅक्टिकलला पहिल्या वेळी मी नापास झाले, आणि तेही धाप लागण्याची व्याख्या बिनचूक सांगून. माझ्या वाट्याला आलेला पेशंट साठीचा गृहस्थ होता. हृदय कमजोर, पाय सुजलेले, आणि खाटेवर सपाट झोपवलेला, त्यामुळे श्वास पुरत नव्हता. परीक्षक मॅडमनी विचारलं, "याला धाप लागलीय. आधी काय करशील?" मला मनातून इतका आनंद झाला की विचारू नका. हा प्रश्न मी घरी सतरा वेळा लिहून काढला होता. मी व्याख्या सांगितली, मग प्रकार सांगितले, मग कारणं सुरू केली, हृदयाची वेगळी आणि फुप्फुसाची वेगळी. चौथ्या कारणाशी मॅडम उठल्या. त्यांनी स्वतः खाटेचं हँडल फिरवून पेशंटचं डोकं वर घेतलं, पाठीमागे उशी सारली आणि म्हणाल्या, "तुझी व्याख्या संपेपर्यंत हा संपला असता."

पेशंट मात्र भला माणूस होता. जरा मोकळा श्वास मिळाल्यावर तो म्हणाला, "बोलत होती चांगली पण पोरगी."

पुढची संधी सहा महिन्यांनी. त्यातही गेले असते तर बॅच पुढे निघून जाणार होती आणि मी मागच्या वर्षाच्या पोरींमध्ये बसणार होते. ते एक वेळ चाललं असतं. पण घाटकोपरला आमच्या चाळीत माझ्या वडिलांनी मला कधीच सिस्टर करून टाकलं होतं. आजोबा गिरणीत, वडील शाळेच्या बसवर ड्रायव्हर, आणि आता घरात सिस्टर, म्हणून त्यांचा ऊर भरून यायचा. शेजारपाजारचे लोक बीपी बघायला दारात यायचे, जिन्यात थांबवून गोळ्यांची पाकिटं दाखवायचे. नापास झाल्यावर मी जिना उतरणंच टाळायला लागले. मला लाज वाटत होती आणि त्याहून जास्त राग येत होता, कारण मला सगळं येत होतं. पुस्तकातलं कुठलंही पान विचारा, खालच्या टिपेसकट सांगितलं असतं.

माझ्याच बॅचची एक मुलगी होती, वर्सोव्याच्या कोळीवाड्यातली. तिचं माझ्या बरोबर उलट. प्रॅक्टिकलला ती पहिली आली होती. तिने नुसता हात मनगटावर ठेवला की पेशंट शांत व्हायचा. थिअरीच्या पेपरात मात्र ती आपटली होती. पंधरा मार्कांच्या प्रश्नाला तिने लिहिलं होतं, पेशंटला बसवायचं, ऑक्सिजन लावायचा, डॉक्टरला बोलवायचं. संपलं उत्तर. मी ते बघून म्हटलं, "अगं बाकीची दोन पानं कुठायत?" ती म्हणाली, "पेशंट बरा झाला ना, मग आणखी काय लिहू?"

आंधळ्या-पांगळ्याची जोडी जमली ती अशी. मी तिला लिहायला शिकवायचं आणि तिने मला करायला. आमच्या घरी एकच खोली आणि तिच्यात सतत चालू असलेला टीव्ही, म्हणून जागा वर्सोव्याची ठरली. मेट्रोच्या एका टोकाला माझं घर आणि दुसऱ्या टोकाला तिचं, त्यामुळे झोप लागली तरी स्टेशन चुकायची भीती नाही. पण झोपतंय कोण? आम्ही वर्गातून एकत्र निघायचो आणि गाडीतच सुरू व्हायचो. मी विचारायची, ती उत्तर द्यायची. एकदा ती जरा मोठ्यानेच म्हणाली, "पोटॅशियम थेट शिरेत कधीच ढकलायचं नाही, हृदय जागच्या जागी बंद पडतं," आणि शेजारच्या बाईंनी पर्स उचलून जागाच बदलली. आम्ही अंधेरी येईपर्यंत हसत होतो.

पहिले दोन-तीन दिवस उशीला पेशंट करून सराव केला. उशी काही बोलत नाही, त्यामुळे मी पुन्हा व्याख्याच सांगायला लागले. तिची आई चुलीपाशी बसून ते ऐकत होती. तिची आई म्हणजे दणकट बाई, अंधेरीच्या मार्केटात तीस वर्षं मासळी विकणारी, आवाज असा की गिऱ्हाईक रस्त्यापलीकडून वळून यायचं. ती उठली, हात पुसले, उशी बाजूला भिरकावली आणि स्वतःच चटईवर आडवी झाली.

"मी पेशंट," ती म्हणाली. "मना काय झालंय ते सांगा. बाकी मी बघते."

त्या दिवसापासून आमच्या अभ्यासाला जी मजा आली, तशी मला शाळेपासून कधी आली नव्हती. रोज संध्याकाळी घरात शिरताना मी विचारायची, "आज मावशींना काय झालंय?" आणि त्या दिवशीचा आजार ठरायचा. लक्षणं मी वाचून दाखवायची. मावशी डोळे मिटून ऐकायच्या, दोन-तीन वेळा मान डोलवायच्या आणि मग सुरू व्हायच्या. दम्याच्या दिवशी त्या दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून, खांदे उचलून अशा बसल्या की वॉर्डातला दम्याचा पेशंट हुबेहूब समोर आला. अपेंडिक्सच्या दिवशी त्यांनी उजवा पाय पोटाशी घेतला आणि मी गरम पिशवी आणू का म्हणताच तिरप्या नजरेने लेकीकडे बघितलं. लेक म्हणाली, "गरम नाही गं. आत फुटलं तर?" मला ते माहीत होतं. पुस्तकात ठळक अक्षरात होतं. पण कोणी कण्हायला लागलं की माझी ठळक अक्षरं पुसट व्हायची.

मावशींची खरी करामत म्हणजे त्यांचे प्रश्न. पुस्तकातला पेशंट निमूट असतो. मावशी गप्प बसतील तर शपथ. हृदय कमजोर असल्याचा खेळ होता तेव्हा मी त्यांना मीठ बंद सांगितलं, रोज सकाळी वजन करायला सांगितलं, पाणी मोजून प्यायला सांगितलं.

"सुके बोंबील?" त्यांनी विचारलं.

"बंद," मी म्हटलं. "त्यात मीठच मीठ."

त्या उठून बसल्या. "मग मी जगू कशाला गो?"

मी गडबडले. मी वहीची पानं उलटायला लागले. लेक त्यांच्यापाशी बसली आणि म्हणाली, "आई, ताजी मासळी खा ना रोज. तुझ्या पाटीतली. सुक्याचं डॉक्टरांना विचारू. पापड-लोणचं मात्र आजपासून नाही हां." मावशी लगेच पुन्हा आडव्या झाल्या. मी वहीत लिहून घेतलं की आधी काय खाता येईल ते सांगायचं आणि मग काय नाही ते.

लेकीच्या थिअरीचं अडलेलं घोडंही मावशींनीच पुढे ढकललं. आम्हाला नर्सिंग केअर प्लॅन लिहावा लागतो. त्यात एक रकाना असतो, जे काम केलं ते का केलं हे सांगणारा. तिचा तो रकाना कायम कोरा. मी समजावून थकले. मग एकदा ती आईचे पाय उशीवर ठेवत असताना मावशींनी सहज विचारलं, "कशाला?"

"सूज उतरावी म्हणून."

"ती कशी उतरेल?"

"साचलेलं पाणी वर परत जातं ना."

मी ओरडलेच, "लिही, हेच लिही." तेव्हापासून नियम झाला. ती एक काम करायची, मावशी कशाला म्हणून विचारायच्या, ती उत्तर द्यायची आणि तेच वहीत उतरायचं. महिन्याभरात तिची उत्तरं अडीच पानांवर गेली. मावशींच्या उत्साहाला ऊत आला होता. मासळी घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकालाही म्हणे त्या विचारायला लागल्या, "दोन किलो सुरमई? कशाला?"

रक्त चढवण्याचा धडा आम्ही कोकमाच्या सरबतावर केला. दुधाची रिकामी पिशवी धुऊन भरली, भिंतीच्या खिळ्याला लटकवली आणि नळी मावशींच्या दंडाला दोऱ्याने बांधली. आधी दोघींनी नाव, नंबर आणि रक्तगट जुळवायचा, मग पहिली पंधरा मिनिटं पेशंटपासून हलायचं नाही. दहाव्या मिनिटाला मावशी थरथर कापायला लागल्या, कंबर धरून कण्हायला लागल्या. मी पुस्तकाकडे धावले. मागे वळून बघते तर लेकीने नळी बंद केली होती, सलाईन वेगळ्या नळीने लावल्याचं नाटक केलं होतं आणि ती दारात उभी राहून काल्पनिक डॉक्टरला हाका मारत होती. मावशी कापता कापता मला म्हणाल्या, "तू वाच हो. मी थांबते." मी इतकी ओशाळले आणि इतकी हसले की कोकम माझ्याच ओढणीवर सांडलं.

त्यांच्या कापण्याचं सांगितलं, कारण पुढे जे झालं त्याला ते कारणीभूत आहे.

थिअरीचा पेपर अकरा दिवसांवर आला होता. त्या संध्याकाळी विषय होता डायबेटिस, त्यातही रक्तातली साखर एकदम खाली जाणं, म्हणजे हायपो, आणि खूप वर चढणं. परीक्षेत हमखास येणारी जोडी. मावशींना स्वतःला साखरेचा त्रास होता आणि त्या सकाळी गोळी घ्यायच्या, ते मला ठाऊक होतं. त्या आदल्या दिवशीच म्हणाल्या होत्या, "हा तर माझाच आजार. उद्या मी सांगणार नाय. दोनपैकी कुठला ते तुम्हीच ओळखा." साखर चढली तर सारखं पाणी मागायचं आणि उतरली तर हात थरथरवायचे, अशी खूण मीच त्यांना शिकवून ठेवली होती.

त्या दिवशी लेक वर्गातून आधीच निघाली होती, मी पोचले तेव्हा ती मागच्या अंगणात होती. दिवस मावळायच्या आत बांबूंवरचे बोंबील उतरवून घ्यायचे होते. स्वयंपाकघर वरच्या मजल्यावर. मी एकटीच वर गेले. मावशी चटईवर भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि त्यांचे हात थरथरत होते.

मी दप्तर टाकलं आणि म्हटलं, "हायपो. बरोबर ना?"

त्या काही बोलल्या नाहीत. मी समोर मांडी घालून बसले आणि बोटांवर मोजायला लागले. हात थरथरणं, छाती धडधडणं, भूक, घाम, चिडचिड, मग गोंधळ. "मावशी, भूक लागलीय का?" त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि तोंडातल्या तोंडात म्हणाल्या, "गप बस." मी खूश. चिडचिड, हेही लक्षण आलं. मी विचारलं, "आज वार कोणता?" त्या नुसत्या बघत राहिल्या. गोंधळ, हेही आलं. मी चक्क टाळ्या वाजवल्या. म्हटलं, "मावशी, काय झकास करताय. वॉर्डातल्या पेशंटलासुद्धा इतकं जमत नाही." मग मी या दोन्हींतला फरक सांगायला बसले, साखर खाली जाते ती मिनिटांत आणि वर चढते ती दिवसांत, वर चढली तर कातडी कोरडी आणि खाली गेली तर गार आणि ओली. ओली म्हणताना माझी नजर त्यांच्या कपाळावर गेली.

कपाळावरून घामाचे ओघळ येत होते. ब्लाऊज पाठीला चिकटला होता. हिवाळ्याची संध्याकाळ होती आणि खिडकीतून समुद्रावरचं गार वारं येत होतं. थरथर कोणीही करून दाखवेल, पण घाम मनात आणून कोणाला येत नाही.

मी त्यांचा हात धरला. गार आणि ओला. पाचावर धारण बसणं म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं. डोक्यात पुस्तकाचं पान उघडलं होतं, व्याख्येपासून, आणि मी ते मिटवलं. आयुष्यात पहिल्यांदा मिटवलं. मी त्यांचं नाव घेऊन हाक मारली, त्यांनी डोळे वळवले. "थुंकी गिळा," म्हटलं, त्यांनी गिळली. म्हणजे पाजता येईल. फळीवरून साखरेचा डबा काढला, अर्ध्या पेल्यात तीन चमचे विरघळवले आणि त्यांची मान धरून घोट घोट पाजलं. अर्धं त्यांच्या पदरावर गेलं. मी आणखी केलं. मग तशीच त्यांना धरून बसले आणि खिडकीकडे तोंड करून लेकीला हाक मारली.

ती धावत वर आली. हाताला बोंबलाचा वास, तशीच गुडघ्यावर बसली, आईचा गाल चाचपला आणि मला म्हणाली, "साखर दिलीस?"

"दिली."

"किती वाजता?"

मी घड्याळाकडे बघितलं. "आत्ताच. दोन-तीन मिनिटं झाली."

ती शेजारून साखर मोजायचं मशीन घेऊन आली. पंधरा मिनिटं होताच बोट टोचलं. आकडा आला चौसष्ट. सत्तरच्या खालीच. आम्ही पुन्हा साखरपाणी दिलं, पुन्हा पंधरा मिनिटं मोजली. तोवर मावशींच्या डोळ्यांत ओळख परत येत होती. आकडा नव्वदच्या वर गेल्यावर लेकीने भात आणि कालवण वाढलं आणि मावशी लहान मुलासारख्या जेवल्या. मग कळलं की बोटी उशिरा लागल्या होत्या, मार्केटात गर्दी होती, आणि सकाळची गोळी घेऊन त्यांनी दुपारचं जेवणच चुकवलं होतं. आम्ही त्यांना रिक्षाने डॉक्टरकडे नेलं. त्या गोळीचा असर रेंगाळतो, साखर पुन्हा उतरू शकते, हे आता मला पान न उघडता आठवलं. डॉक्टरांनी त्यांना बराच वेळ बसवून ठेवलं, गोळीचं प्रमाण कमी केलं आणि आम्हा दोघींकडे बघून म्हणाले की वेळेवर केलंत.

वेळेवर. हा शब्द मला टोचला. लेक तर रस्त्यावरच माझ्या गळ्यात पडली. "तू नसतीस तर, यार," ती म्हणाली. मी तेव्हाच सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. एक तर त्या टाळ्यांची मला भयंकर लाज वाटत होती, आणि खरं सांगायचं तर ते कौतुक मला हवं होतं. सहा महिन्यांनी कोणीतरी मला म्हणत होतं की तुला जमलं. त्या रात्री घाटकोपरला परतताना मी इतकी हुरळले होते की मेट्रोच्या काचेत स्वतःकडे बघून हसत होते, आणि त्याच वेळी मला रडूही येत होतं.

मावशी दुसऱ्या दिवशीपासून पुन्हा पेशंट झाल्या. फक्त एक नियम नवा आला. खेळ सुरू करण्याआधी लेक त्यांची साखर खरोखर मोजायची. थिअरीचा पेपर झाला. लेकीने पुरवणी मागून घेतली आणि बाहेर येऊन मला उचलून गरकन फिरवलं. "प्रत्येक ओळीनंतर आई कानात कशाला कशाला करत होती," ती म्हणाली.

मग चार दिवसांनी माझं प्रॅक्टिकल. परीक्षक दुसऱ्या होत्या, करड्या केसांच्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. मला पेशंट मिळाली ती पित्ताशयाचं ऑपरेशन झालेली बाई, दुसरा दिवस. मी हात धुतले, तिला नाव विचारलं, मनगटावरच्या पट्टीशी ताडून बघितलं, मग मान वळवून मॅडमना नमस्कार केला. म्हणजे क्रम चुकला. मॅडमनी पेन उघडला. पोटावर उशी धरून खोकायला शिकवताना बाई म्हणाली, "खोकलं की टाके तुटतील ना?" मी आधी तिला भीती वाटणं साहजिक आहे म्हटलं आणि मग उशी तिच्या हाताने दाबून धरली. तिने खोकून बघितलं. तुटलं काही नाही. तिच्याइतकीच मीही खूश झाले.

"ही म्हणाली की पोटरी दुखतेय, तर चोळून देशील?" मॅडमनी विचारलं.

"नाही मॅडम. तिला उठू देणार नाही, पाय बघेन, सूज आहे का, गरम लागतोय का, आणि डॉक्टरना कळवेन. चोळली तर गाठ सुटून फुप्फुसात जाऊ शकते."

त्या लिहीत होत्या. मग सहज म्हणाल्या, "हायपोचा पेशंट कधी पाहिलास?"

"हो मॅडम."

"कुठल्या वॉर्डात?"

"वॉर्डात नाही. वर्सोव्याला, मैत्रिणीच्या स्वयंपाकघरात."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "आधी काय केलंस?"

उत्तर तयार होतं. साखर दिली. दोन शब्द आणि ते खोटंही नव्हतं. एवढं बोलले असते तर मी सुटले असते, हे मला स्पष्ट दिसत होतं. पण आधी हा शब्द त्यांनी विचारला होता, आणि आधी मी जे केलं होतं ते वेगळं होतं. डोळ्यांसमोर मावशींचं ओलं कपाळ आलं आणि मला ते दोन शब्द बोलवेनात.

"आधी मी टाळ्या वाजवल्या, मॅडम," मी म्हटलं.

त्यांचा पेन थांबला. मी सगळं सांगितलं. पेशंटचा खेळ, खूण, बोटांवर मोजलेली लक्षणं, वाया घालवलेली मिनिटं, मग घाम, मग साखर. शुगर आधी का नाही मोजलीस, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मशीन शेजारी होतं आणि साखर हाताशी होती. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं, ते मला दिसलं नाही. "जा," त्या म्हणाल्या. चेहऱ्यावरून काहीच कळत नव्हतं.

निकाल महिन्याने लागला आणि आम्ही दोघीही पास होतो. वडिलांनी चाळीत पेढे वाटले. पण त्या दुपारी मला यातलं काही माहीत नव्हतं. मला एवढंच माहीत होतं की परक्या बाईला मी जे सांगितलं ते मैत्रिणीला सांगितलेलं नाही. मी युनिफॉर्मवरच मेट्रो पकडली आणि वर्सोव्याला गेले.

मावशी वर, पाटी धुऊन नुकत्याच टेकल्या होत्या. "काय गो, सुटलीस?"

"माहीत नाही," मी म्हटलं. "मावशी, तुम्हाला खरं बरं नव्हतं ना, त्या दिवशी, मी आधी..."

"टाळ्या वाजवल्यास," त्या म्हणाल्या.

मी तिथेच खाली टेकले.

"कान चालू होते माझे. तोंड तेवढं वळत नव्हतं. सगळं ऐकलं मी. झकास म्हणालीस ते पण ऐकलं."

"मग बोलल्या का नाहीत कधी?"

"कोणाला बोलू? माझ्या पोरीला?" त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली, जशी भाव पाडून मागणाऱ्या गिऱ्हाइकावर टाकायच्या. "तिचा पेपर अकरा दिवसांवर होता. तिला कळलं असतं तर तिने तुला दारात उभं केलं नसतं. मग तिला लिहायला कोण शिकवणार होतं? मी?" त्या पाय लांब करून बसल्या. "आता झाला तिचा पेपर. आता सांग. मागे हाय ती."

लेक अंगणात बोंबील उतरवत होती. मी तिला सांगितलं, टाळ्यांपासून, काही न वगळता. तिचे हात थांबले नाहीत. तिने शेवटचा बांबू रिकामा केला आणि मग विचारलं, "किती मिनिटं?"

"तीन. चार असतील."

"नीट सांग."

"चार."

"मी इथे होते," ती म्हणाली. "इथेच, खिडकीखाली. हाक का नाही मारलीस?"

मला काहीही सांगता आलं असतं. "मी ओळखलं होतं गं," मी म्हणाले. "मला वाटलं, ओळखलं म्हणजे झालं."

ती टोपलीतले बोंबील उगाच सारखे करत राहिली. मी ओरडा खायला तयार होते, त्याहून वाईटालाही तयार होते. शेवटी ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "वर जा. आईला विचार, जेवली का. हो म्हणाली तरी ताट बघून ये."

मी वर गेले. मावशी म्हणाल्या, "जेवले की." मी मोरीशी जाऊन बघितलं. ताट पालथं होतं, सकाळी घासून ठेवलेलं, कोरडं ठणठणीत. मी ते सुलटं केलं, भात वाढला, वर कालवण घातलं आणि त्यांच्यासमोर मांडी घालून बसले. त्यांनी शेवटचा घास घेईपर्यंत मी एक शब्द बोलले नाही आणि उठलेही नाही.